बुधवारी पार्क ओस…

आमच्या घरात एक अर्धी चाल राहते. ती आत्याची आहे. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, खिडकीशी उभं राहून समोरच्या झाडाची पानं गळताना बघत असताना आत्या ती गुणगुणते, आणि नेमकी एका वरच्या सुरावर, पायरी चढायला पाय उचलावा आणि पायरीच नसावी तशी, थांबते. पुढचं तिला आठवत नाही. तेवढ्यापुरते बाबा पेपर वाचायचे थांबतात आणि आई गॅस बारीक करून उभी राहते. मग कुणीतरी खाकरतं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. शिंक येता येता राहावी तसं आमच्या अख्ख्या घराचं रोज होतं.

ही चाल आत्याने एकदाच ऐकली, आणि तीही थीम पार्कमध्ये. आत्या तेव्हा शाळेत गाणं शिकवायची आणि अख्ख्या शाळेची सहल घेऊन गेली होती. पार्कात ‘संथ नौका’ नावाची एक जुनी राईड आहे. अरुंद कालव्यातून होड्या आपोआप सरकतात. झाडांखालून, दगडी कमानीखालून जातात, आणि एका वळणावर यांत्रिक बगळा मान फिरवून डोळे मिचकावतो. बस्स. एवढंच होतं. तर त्या बगळ्याच्या वळणावर, कुठून कोण जाणे, बासरीसारखे सूर आले असं आत्या सांगते.

“कान वाजले असतील,” बाबा म्हणतात.

“कान वाजतात ते बेसूर वाजतात,” आत्या म्हणते. “आणि पोरांना मी दम भरला होता. सगळ्या होड्या आमच्याच शाळेने भरलेल्या, पण एक पोर बोलेल तर शपथ. म्हणून ऐकू आलं.”

त्यानंतर आत्या अनेकदा गेली. चाल काही भेटली नाही. कधी पोरं केकाटत होती, कधी शेजारच्या रोलर कोस्टरवरून किंकाळ्यांचा पाऊस पडत होता. आत्याने निष्कर्ष काढला की चालीला शांतता लागते आणि शांतता म्हणजे रिकामा पार्क. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर असूनही हा निष्कर्ष मान डोलावून मान्य केला, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी विसरायचा प्रयत्न करते आहे.

यंदा पानगळ सुरू झाली आणि पार्कने जाहीर केलं, की ऋतू संपला की संथ नौका बंद. कालवा कोरडा करून तिथे ‘जलझेप’ नावाचं काहीतरी उभारणार. त्या दिवशी आत्या गुणगुणलीच नाही. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“मोजपट्टे, तू शास्त्र शिकलीस ना?”

घरात मला मोजपट्टी म्हणतात. मी पंख्यांच्या कारखान्यात चाचणी विभागात काम करते; पंखा किती आवाज करतो ते मोजते. घरी आल्यावरही सवय जात नाही, असं घरच्यांचं म्हणणं.

“शिकले,” मी म्हटलं.

“मग मला एक रिकामा दिवस काढून दे.”

माळ्यावरून एखादी पिशवी काढून द्यायला सांगावं इतक्या सहजपणे ती हे म्हणाली. मीही तितक्याच सहजपणे हो म्हटलं.

गर्दीचा अंदाज करायचा तर आधी लोकांची मतं कानावर येतात, टाळता येत नाहीत. तळमजल्यावरचे काका फाटकातच भेटले. “त्यात कसला अंदाज? पानगळीत पार्क रिकामाच असतो. शाळा सुरू, हवा गार. आणि सोमवारी जा. सोमवारी माणसाला जगावंसंच वाटत नाही, तो पाळण्यात कशाला बसेल?” वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून म्हणाल्या, “मुळीच जाऊ नकोस. पानगळीत कुणी जात नाही असं सगळ्यांना वाटतं, म्हणून सगळे पानगळीतच जातात.” काकांचं म्हणणं सोपं होतं म्हणून मी ते धरून ठेवलं. काकूंचं बरोबर होतं, पण त्यांच्या हातात केराची बादली होती आणि बादली हातात असलेल्या माणसाचं म्हणणं सिद्धांत वाटत नाही.

मग मी पार्कच्या कार्यालयात गेले. मागच्या वर्षांची गर्दी कळली की पुढची काढता येते, अशी माझी साधी अपेक्षा होती. खिडकीतले साहेब पेन्सिलीला टोक करत होते.

“गर्दीची माहिती हवी होती.”

“गर्दी आमच्याकडे नाही. आमच्याकडे रांग.”

“दोन्ही एकच ना?”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. एवढ्या दुखावलेल्या नजरेने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. “रांग म्हणजे शिस्त. शिस्त सुटली की गर्दी. गर्दी झाली की ती सुरक्षा विभागाकडे जाते.”

सुरक्षा विभागाने सांगितलं, की गर्दी झाली तरच त्यांच्याकडे येते. पानगळीत होत नाही, म्हणून पानगळीची माहिती नाही. मी परत खिडकीशी आले. “मग गर्दी नसल्याची माहिती कोणाकडे?” साहेबांनी पेन्सिल उचलून तिचं टोक तपासलं. बाहेर एक पान गळून खिडकीच्या चौकटीत येऊन बसलं. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. “ती गोपनीय आहे,” शेवटी ते हळूच म्हणाले. “फार कमी आहे म्हणून.”

तेव्हा मी स्वतःच मोजायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी फाटकासमोरच्या बाकावर बसायचं आणि आत जाणारी माणसं मोजायची. पानगळीतलं ऊन मोठं फसवं असतं. ते अंगावर पडतं, पण वजन टाकत नाही. फाटकावरची कमान, तिच्यावरचे फिके झेंडे, वाऱ्याबरोबर रस्ताभर सरकणारी पानं, दूरवरून येणारा पाळण्याचा कुरकुर आवाज. मी मोजता मोजता तंद्रीत जायची आणि भानावर यायची तेव्हा एखादं अख्खं कुटुंब आत निघून गेलेलं असायचं.

फाटकावर एक सुरक्षारक्षक होते, जाड मिशांचे. पहिल्या रविवारी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या रविवारी पाणी आणून दिलं. तिसऱ्या रविवारी शेजारी बसले आणि म्हणाले, “ताई, किती वाट बघाल? तो नाही येत. घरी जा.”

“मी कुणाची वाट बघत नाहीये. मी माणसं मोजतेय.”

“सुरुवातीला असंच वाटतं,” ते समजुतीने म्हणाले.

एवढ्या मानहानीनंतर अंदाज चुकणं शक्यच नव्हतं. हवामान, शाळांच्या परीक्षा, सुट्ट्या, धुकं, सगळं आलेखावर मांडलं. महिन्यातल्या एका बुधवारी सगळ्या रेषा खाली येऊन अशा निजल्या, की माझं मलाच शांत वाटलं. बुधवारी पार्कमध्ये चिटपाखरू नसणार. असलंच तर यांत्रिक बगळा.

आत्याला सांगितलं तर ती हरखली, आणि लगेच म्हणाली, “मंडळाला सांगायला हवं.”

मंडळ म्हणजे ‘संथ मंडळ’, संथ नौकेच्या चाहत्यांचं. आत्या ‘फॅन क्लबात’ आहे हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईला वाटलं होतं, की माझ्या कारखान्यात नातेवाइकांना सवलतीत पंखे मिळतात. या मंडळातली माणसं शेवाळी रंगाचे शर्ट घालतात, बगळ्याचा वाढदिवस करतात, आणि बगळा आधी डावा डोळा मिटतो की उजवा यावरून त्यांच्यात दोन तट आहेत. ते एकमेकांशी सौजन्याने बोलतात, पण फक्त सौजन्यानेच. प्रत्येकाची एकच इच्छा असते, होडीत एकटं बसायला मिळावं. त्यासाठी ते दर रविवारी एकत्र जमतात. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. आठवडाभर यंत्राची घरघर ऐकून त्यांना म्हणे होडीतच झोप लागते.

“आत्या, रिकामा दिवस सगळ्यांना सांगितला तर तो रिकामा राहील का?”

“अगं, आमची माणसं गर्दी करत नाहीत. आमची माणसं फक्त येतात.”

यावर पदार्थविज्ञानात उत्तर नाही. मी मंडळाच्या गटावर लिहिलं: “बुधवारी पार्क ओस पडलेला असेल असा अंदाज आहे, कृपया हा संदेश पुढे पाठवू नये.” एवढं साधं वाक्य. पण फोनच्या पडद्यावर वर जी पट्टी चमकते तिच्यात ते मावलं नाही. पट्टीवर दिसलं ते एवढंच: “बुधवारी पार्क ओस…”. डॉक्टरांनी आनंदाच्या भरात त्या पट्टीचाच फोटो काढून सगळ्यांना पाठवला. ‘पुढे पाठवू नये’ हे शब्द फोटोत नव्हते, त्यामुळे तो पुढे गेला. आणि पुढे होता किंकाळी संघ.

किंकाळी संघ म्हणजे रोलर कोस्टरवाले. त्यांच्या अध्यक्षा आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. आठवडाभर दबक्या आवाजात बोलणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी कोस्टरच्या पहिल्या डब्यात बसून असा आवाज लावते, की खालचे लोक माना वर करून बघत राहतात. या संघाला रिकामा पार्क चालत नाही. किंकाळीला ऐकणारे लागतात, असं त्यांचं मत. त्यांनी ती पट्टी पाहिली आणि वाचलं: बुधवारी पार्क ओसंडून वाहणार.

बुधवारी सकाळी धुकं होतं. मी रजा टाकली होती. आत्याने ठेवणीतली निळी साडी नेसली होती आणि शाळेत वाजवायची ती छोटी सूरपेटी पिशवीत घेतली होती. बसमधून बाहेर काहीच दिसत नव्हतं; अधूनमधून एखादं पिवळं झाड धुक्यातून पुढे यायचं, आपल्याला काहीतरी सांगायचं होतं ते विसरल्यासारखं थांबायचं आणि मागे विरघळायचं. आत्याने माझा हात धरला होता. “कसं गं निवांत आहे सगळं,” ती म्हणाली.

पार्कच्या थांब्यावर उतरलो तर धुक्यात माणसं होती. आधी शेवाळी शर्ट दिसले, मग त्यांच्यामागे लाल टोप्या, म्हणजे किंकाळी संघ, आणि त्यांच्याही मागे कुठल्याच मंडळातली नसलेली, फोटो बघून आलेली माणसं. रांग फाटकातून निघून रस्त्याच्या कडेने धुक्यात शिरली होती. तिचं टोक दिसत नव्हतं. मिशीवाले रक्षक धावत माझ्याकडे आले.

“ताई, आला का तो?”

“कोण?”

“एवढे आलेत, त्यात असेलच की!”

डॉक्टर आणि ग्रंथपालबाई रांगेतच भिडले होते.

“ओस म्हणजे ओसाड! स्वच्छ लिहिलंय!”

“पुढे तीन टिंबं आहेत, डॉक्टर. वाचकाने अर्थ पूर्ण करायचा असतो.”

मी मध्ये पडले. म्हटलं, ओसंडून असतं तर ‘स’वर अनुस्वार असता. ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “अनुस्वार हल्ली देतंय कोण? तूच मागच्या महिन्यात नोंद करताना ‘हिंमत’ कशी लिहिलीस, काढून दाखवू का?” मी बाजूला झाले. माणसाने आपली पायरी ओळखावी. माझी धुक्यात नीट दिसत नव्हती.

इतक्यात भोंग्यावर घोषणा झाली. धुक्यामुळे कोस्टरचं वरचं टोक दिसत नाही, सबब कोस्टर बंद. उंच पाळणाही बंद. चालू राईड एकच: संथ नौका. त्या लाल टोप्या, शेवाळी शर्ट, कुणाचेच नसलेले लोक, सगळी गर्दी एका अंगाने कलली आणि बगळ्याच्या दिशेने निघाली.

धक्क्यावरचा माणूस ओरडत होता, “आत सरका, आत सरका! मांडीवर घ्या, पण जागा सोडू नका!” होड्यांत माणसं ठासून बसवली जात होती. ज्यांना आयुष्यभर एकटं बसायचं होतं ते शेवाळी शर्टवाले एकमेकांच्या कोपरांत कोपरं घालून बसले होते. आमच्या होडीत पुढे ग्रंथपालबाई, मागे डॉक्टर, मध्ये मी आणि आत्या, आणि आमच्या अंगावर ओळख नसलेले एक गृहस्थ, जे सारखे “माफ करा हं” म्हणत होते. होडी खाली बसली. पाणी काठाच्या अगदी बोटभर खाली आलं.

मी आत्याकडे पाहायचं टाळत होते. शेवटी पाहिलं. ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं. पिशवीवर हात ठेवून ती समोर धुक्यात बघत होती.

“आत्या, माझं चुकलं.”

“जाऊ दे गं. काही चाली अर्ध्याच असतात.”

पंख्याचा आवाज मोजून मला पगार मिळतो आणि एका म्हाताऱ्या बाईला मी थोडी शांतता देऊ शकले नव्हते.

होडी सरकली. मागेपुढे सगळ्या होड्यांतून कलकल चालली होती. कोस्टर बंद म्हणून चिडलेले लोक, फोनवर ‘आम्ही बोटीत आहोत’ असं ओरडणारे लोक. झाडांखालून गेलो. एक पान आत्याच्या मांडीवर पडलं. मी अगदी रडकुंडीला येऊन पुढे वाकले आणि ग्रंथपालबाईंना म्हटलं, “बाई, हिला इथे एक चाल ऐकायची आहे. या वळणावर. नंतर हे सगळं बंद होणार आहे.”

ग्रंथपालबाईंनी मान वळवून आत्याकडे पाहिलं. निळी साडी पाहिली, पिशवीतून डोकावणारी सूरपेटी पाहिली. मग त्या होडीत उभ्या राहिल्या. होडी डगमगली, गृहस्थ म्हणाले “माफ करा हं”, आणि बाईंनी ओठांवर बोट ठेवून असा काही ‘शूऽऽ’ केला, की तो पाण्यावरून पुढे गेला, मागे गेला, कमानीखालून वळला, आणि जिथे जिथे पोचला तिथे तिथे माणसं शाळकरी होऊन गप्प बसली. आयुष्यभर कमावलेला ‘शू’ होता तो. कोस्टरवर वाया जात होता.

शांतता झाली. रिकाम्या जागेची नव्हे, भरलेल्या जागेची. इतकी माणसं एकदम गप्प बसली की तिला वजन येतं; धुकंसुद्धा जरा खाली आल्यासारखं वाटलं. पानं पाण्यावर टेकत होती तेही ऐकू येत होतं.

बगळ्याचं वळण आलं. मी सवयीने काठाकडे पाहिलं. दगडी काठाला बगळ्याच्या पायाशी एक खाच होती, शेवाळाने भरलेली. सगळ्या होड्या भरलेल्या, सगळ्या पाण्यात खोल बसलेल्या, आणि त्यांनी ढकललेलं पाणी चढत चढत त्या खाचेशी आलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते थरथरलं, शेवाळावरून पलीकडे झुकलं, आणि ओसंडलं.

खाली नेच्यांच्या आड कसल्यातरी नळ्या होत्या. पाणी त्यांत शिरलं, आतली हवा बाहेर निघाली, आणि एक सूर आला. मग दुसरा. लहान नळी भरली की मोठी, मोठी भरली की तिच्याशेजारची. माझी रोजची, घराची, भाजी निवडताना ऐकलेली चाल त्या धुक्यातून बासरीसारखी चालत आली. वरच्या सुरावर पोचली. होडीतल्या बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, पण आमच्या घरी ती इथेच थांबते. आत्याची बोटं माझ्या मनगटात रुतली.

आणि चाल पुढे गेली. खाली उतरली, अगदी हळू, दिवेलागणीला कुणीतरी घरी येतं तशी, आणि जिथून निघाली होती तिथे येऊन बसली.

मागे डॉक्टर रुग्णासारखा ‘आ’ करून बसले होते. बगळ्याने डोळे मिटले, पण आधी कोणता, हे त्या दिवशी कुणीच पाहिलं नाही.

होडी धक्क्याला लागली. उतरल्यावर आत्याने साडीवरचं पान झटकलं.

“म्हणजे होड्या भरल्या की पाणी वर येतं.”

“हो.”

“सहलीच्या दिवशी भरल्या होत्या.”

“हो.”

“आणि मी इतकी वर्षं रिकामे दिवस हुडकतेय. आणि तू शास्त्र शिकलीस.”

“हो, आत्या.”

“बरं,” ती म्हणाली. हे ‘बरं’ मला पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी लावून ठेवावं लागेल.

फाटकातून बाहेर पडताना मिशीवाल्या रक्षकांनी माझा चेहरा पाहिला आणि एकदम खुश झाले. “भेटला ना? सांगितलं होतं मी!” मी तेव्हा ‘हो’ म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

ऋतू संपला. कालवा कोरडा झाला. नळ्या काढल्या का, कुणी ठेवल्या का, कळलं नाही. खिडकीतल्या साहेबांकडे नळ्या नाहीत, त्यांच्याकडे रांग. किंकाळी संघ आणि संथ मंडळ मात्र आता रविवारी एकत्र भेटतात आणि ओस या शब्दावरून भांडतात, असं ऐकते.

त्या बुधवारी संध्याकाळी घरी आत्याने घड्या घालता घालता गुणगुणायला सुरुवात केली. वरचा सूर आला. बाबांनी पेपर खाली केला, आईने गॅस बारीक केला. आणि आत्या पुढे गेली. शेवटपर्यंत गेली. मग बाबा म्हणाले, “संपली?” आधाराचा खांब काढून नेल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि बहुधा तेव्हाच काहीतरी ठरवलं. कारण त्या सुरावर ती अजूनही थांबते. आता मुद्दाम. पेपर खाली आला का, गॅस बारीक झाला का, मी दारात येऊन उभी राहिले का, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घेते. घर पुरेसं भरलं, की मग ओसंडते.